सांगोबा, विचारोबा आणि एकेचाळीस नंबर

४ नोव्हेंबर

रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, रागावणं कमी करा. मी म्हटलं, मी आठवीला गणित शिकवते. ते जरा थांबले आणि म्हणाले, मग निदान राग लिहून काढत जा. ह्यांना ही कल्पना भलतीच आवडली. "लिही, लिही," म्हणाले, "तेवढेच माझे कान वाचतील."

तर आजचा राग. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्हा गणिताच्या शिक्षकांना बोलावलं होतं. पुढच्या वर्षापासून प्रत्येक मुलाच्या टॅबवर एक एआय शिक्षण-साथी असणार आहे. दोन प्रकार समोर आहेत. पहिला अडलेलं गणित पायरी पायरीने समजावून सोडवून देतो. दुसरा उत्तर सांगतच नाही, उलट मुलालाच प्रश्न विचारत बसतो. एका वर्गात एक आणि दुसऱ्या वर्गात दुसरा वापरून बघायचा आणि नाताळच्या सुट्टीआधी ठरवायचं. आठवी अ माझी. आठवी ब कुरळीची.

कुरळी म्हणजे चार वर्षांपूर्वी आलेली बाई. केसांवरून मी मनातल्या मनात हे नाव ठेवलं आहे. कंगवा तिथे काही करू शकत नाही, पण तिचं काही बिघडत नाही. सगळे तिच्याशेजारी चहा प्यायला बसतात. तिच्या टेबलावर काय लावलं आहे कोण जाणे.

मी लगेच पहिला प्रकार मागितला. समजावून सांगणं म्हणजेच शिकवणं, एवढी वर्षं मी दुसरं काय करते आहे? कुरळी म्हणाली, "चालेल की. मला दुसराच बघायचा होता." तिचं नेहमी चालतंच.

इथपर्यंत ठीक होतं. पण उठता उठता मोठ्या बाई म्हणाल्या, जुने सर, म्हणजे आत्ताचे आमचे विभागप्रमुख, मे महिन्यात निवृत्त होत आहेत. जिचा साथी निवडला जाईल, तिच्याकडेच गणित विभाग द्यायचा, कारण बाकीच्या शिक्षकांना तीच तयार करणार. म्हणजे विभागप्रमुखपद! जे हक्काने माझं आहे, जे सगळेजण माझंच समजून चालले होते, त्यासाठी मी आता परीक्षा द्यायची. आणि तीही कुरळीच्या बरोबरीने.

राग लिहून झाला. रक्तदाब काही उतरल्यासारखा वाटत नाही.

११ नोव्हेंबर

साथी सुरू झाले. कंपनीचा माणूस आला आणि दोन तास बोलला. त्याने सांगितलेली लांबलचक इंग्रजी नावं कोणालाच आठवेनात, तेव्हा जुन्या सरांनी बारसं करून टाकलं. सांगतो तो सांगोबा, विचारतो तो विचारोबा. दुपारपर्यंत मुलांच्या तोंडीही तीच नावं झाली.

मी सांगोबाला माझं आवडतं गणित घातलं. गाडी जाताना ताशी चाळीस किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने येताना साठने आली, तर सरासरी वेग किती? शंभरातले नव्वद लोक पन्नास म्हणतात आणि तोंडावर आपटतात. सांगोबा म्हणाला, "अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही. हळू चाललेली गाडी रस्त्यावर जास्त वेळ होती," आणि अठ्ठेचाळीस काढून मोकळा झाला. वाक्य अगदी माझंच! मी वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहीत आले आहे. आरशात बघितल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की त्याचा घसा बसत नाही.

ब वर्गातून नुसता कल्ला ऐकू येत होता. मध्येच कोणीतरी ओरडलं, "अरे, सांग ना एकदाचं!" मला मनापासून हसू आलं. माझी खुर्ची मला दिसायला लागली.

१९ नोव्हेंबर

माझ्या वर्गात आता टाचणी पडली तरी ऐकू येते. मुलं माना खाली घालून गणितं करतात. मोठ्या बाई दारातून डोकावून गेल्या आणि मान डोलावून गेल्या. कुरळीच्या वर्गात डोकावल्या तेव्हा म्हणे दोन मुलं जमिनीवर बसून खडूने रस्ता काढत होती.

एक गोष्ट नोंदवते. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी नेहमी सात-आठ जण असायचे. सगळ्यात पुढे खिडकी. ती खिडकीशी बसते म्हणून माझ्या लेखी तिचं नाव खिडकी. हुशार नाही, पण चिकाटीची आहे. रोज काहीतरी अडलेलं घेऊन यायची, मी चार ओळींत सोडवून द्यायची, "समजलं, बाई" म्हणून जायची. दुसऱ्या दिवशी तसलंच गणित घेऊन पुन्हा हजर. या आठवड्यात आली नाही. शेवटी मीच विचारलं, "काय गं, काही अडत नाही वाटतं?"

"सांगोबाने सांगितलं, बाई."

"असं?"

"तो परत परत सांगतो. कितीही वेळा विचारलं तरी कंटाळत नाही."

"मी कधी कंटाळले?"

"नाही, बाई," ती म्हणाली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

आज कित्येक वर्षांनी डबा गरम असताना खाल्ला. टेबलाशी कोणीच नव्हतं. छान वाटलं. म्हणजे, छानच वाटायला हवं.

२२ नोव्हेंबर

ब वर्गाबाहेरून जात होते. सुट्टी होऊन गेली तरी दारात ही गर्दी. दहा-बारा पोरं कुरळीला घेरून उभी, सगळी एकदम बोलताहेत, कोणी विचारोबाच्या नावाने बोटं मोडतंय, कोणी कागद नाचवतंय. आणि ती मध्ये उभी राहून "अच्छा? मग?" म्हणतेय. तिला दुसरं काही येतं की नाही देव जाणे. "अच्छा, मग" म्हणण्याचा पगार घेते!

माझ्या पोटात दुखतं आहे हे मला कळतं. निदान या वहीत तरी खोटं कशाला लिहू. मी तिच्यावर जळते. केसांवर जळते, चहावर जळते, आणि आज त्या गर्दीवर जळले. तो तिचा साथी कुचकामी आहे म्हणून मुलं तिच्याकडे धावतात, माझा कामाचा आहे म्हणून येत नाहीत. म्हणजे माझंच यश. मग हे यश घशाखाली का उतरत नाही?

२६ नोव्हेंबर

आज युक्ती सुचली. पण आधी ह्यांची तक्रार.

हे रविवारचं शब्दकोडं घेऊन हल्ली बाथरूममध्ये जातात आणि आतून कडी लावतात. पाऊण तास बाहेर येत नाहीत. परवा दाराबाहेरून विचारलं, "काय अडलंय? सांगा, मी सांगते." आतून आवाज आला, "काही नाही, पोट बिघडलंय." दर रविवारी ह्यांचं पोट बरं बिघडतं! डॉक्टरांकडे न्यायला हवं.

तर युक्ती. कंपनीने प्रत्येक वर्गाला चाळीस मुलांसाठी लॉगिनचे चाळीस नंबर दिले आहेत, आणि वर एक मोकळा नंबर, पाहुण्यांना दाखवायला म्हणून. ब वर्गाचा एकेचाळीसवा नंबर स्टाफरूमच्या फलकावर सगळ्यांसमोर टाचलेला आहे. मी तो घेऊन रिकाम्या तासाला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसले. ठरवलं, एक ढ मूल होऊन विचारोबाला असा पिडायचा की त्याचं पितळ उघडं पडेल. आणि ते सगळं बैठकीत मांडायचं.

मी लिहिलं, "सरासरी वेग पन्नास आला. बरोबर आहे का?"

तो: "पन्नास कसा काढलास ते सांगशील?"

मी: "चाळीस आणि साठची बेरीज केली आणि दोनने भागलं."

तो: "गाडी चाळीसच्या वेगाने किती वेळ चालत होती असं तुला वाटतं?"

मी: "माहीत नाही. तू सांग."

तो: "रस्ता किती लांब आहे असं धरून चालायला तुला आवडेल?"

मला आवडेल! गाडी मला ढकलायला लावणार आणि वर विचारणार, आवडेल का! मी पाच-सहा वेळा "सांग" म्हटलं, रागावले, "तू बिनडोक आहेस" असंही लिहिलं. तो म्हणाला, "अडकल्यावर राग येतो, हे खरं आहे. कुठपर्यंत जमलं होतं?" तास संपला. उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

३ डिसेंबर

एकेचाळीस नंबर रोज वर्गात हजर असतो. माझ्या रिकाम्या तासाचं आता मला व्यसन लागलं आहे, पण काम चोख चाललं आहे. चुका कशा करायच्या हे मला कोणी शिकवायला नको. नव्या शिक्षकांच्या शिबिरात 'मुलं हमखास करतात त्या चुका' यावर व्याख्यान मीच देते. त्याच क्रमाने एकेक चूक करत चालले आहे. कंसाची झाली, वजाबाकीच्या चिन्हाची झाली, आज अपूर्णांकांची. एकही चूक दोनदा नाही. पद्धतशीर काम.

तो मात्र हलत नाही. आज मला वाटलं, गणितात हा हाती लागत नाही, जरा दुसरीकडून पकडावं. मुलं रडगाणं गायला लागली की भलेभले विरघळून उत्तर देऊन टाकतात. म्हणून लिहिलं, "मला बाईंना विचारायची भीती वाटते. म्हणून तूच सांग."

तो: "बाईंना विचारलं तर काय होईल असं वाटतं?"

मी लिहिणार होते की बाई ओरडतील. पण बोटांनी लिहिलं: "काही होणार नाही. त्या सांगतील. भराभर, छान सांगतील. मग मला समजलं असं म्हणावं लागेल."

तो: "आणि समजलं नसेल तर?"

मी: "तरी म्हणावं लागेल. त्यांचा चेहरा इतका खूश असतो."

हे मला कुठून सुचलं कोण जाणे, पण झकास जमलं. नाटकात जायला हवं होतं मी. विचारोबाचे ते तीन ठिपके थोडा वेळ नाचत राहिले. मग म्हणाला, "त्या खूश असलेल्या चेहऱ्याला तुला काय सांगावंसं वाटतं?"

मी टॅब बंद केला. रिकामा तास अजून बराच शिल्लक होता, पण उगाच दमल्यासारखं झालं. रक्तदाबच असणार.

५ डिसेंबर

आगाऊपणाची हद्द झाली. मुलांचं बोलणं त्या त्या वर्गाच्या बाईंना वाचता येतं आणि खाली शेरा लिहिता येतो, हे मला ठाऊक होतं. पण कुरळी एवढं सगळं बसून वाचत असेल असं वाटलं नव्हतं. आज एकेचाळीसच्या बोलण्याखाली तिचा शेरा: "तुला हवं तेव्हा माझ्याकडे ये. मी काही सांगणार नाही. नुसती शेजारी बसेन."

नुसती शेजारी बसेल म्हणे! मूल मी उभं केलं, चुका मी करते, भीती माझ्या डोक्यातली, आणि ही आयती येऊन त्याला ओढते आहे. माझी मुलं नेलीस ती नेलीस, आता माझं खोटं मूलसुद्धा तुलाच हवं का?

लिहून वाचलं तर हसू आलं. पण राग खरा आहे.

९ डिसेंबर

स्टाफरूममध्ये कुरळी स्वतःहून माझ्यासाठी चहाचा कप घेऊन आली आणि समोर बसली. म्हणाली, "ताई, माझ्या वर्गात एक मूल आहे. फार नीटनेटकं चुकतं."

मी कपात बघत म्हटलं, "असतात एकेक."

"नाही, इतक्या व्यवस्थित, ओळीने चुका मी एकदाच ऐकल्या होत्या. नवीन होते तेव्हा, शिबिरात. तुमच्या व्याख्यानात."

चार वर्षं झाली तरी माझं व्याख्यान तिच्या लक्षात आहे! बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "तेव्हा वेळ कमी पडला होता, नाहीतर अजूनही चुका होत्या."

ती हसली. म्हणाली, "त्या मुलाला सांगायचं होतं की घाई नाही. पण शेरा लिहिला तेव्हापासून ते आलंच नाही. मी चुकले वाटतं."

मी म्हटलं, "मुलांच्या मागे फार लागू नये." अनुभवाचे बोल दोन शिकवले तर काय बिघडतं. चहा बरा होता. साखर माझ्या मापाने होती, तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

१३ डिसेंबर

दोन्ही वर्गांची एकच चाचणी झाली, टॅब बाजूला ठेवून. जुन्या सरांनी पेपर काढला आणि तपासलाही. निकाल: अ वर्ग पुढे! सरासरीत चांगलाच पुढे. मी स्टाफरूममध्ये अगदी साधा चेहरा ठेवून बसले होते. फार कष्ट पडले.

फक्त शेवटच्या गणिताला सरांनी खोडसाळपणा केला. गाडी एक तास ताशी चाळीसने चालली आणि पुढचा एक तास साठने, तर सरासरी वेग किती. इथे वेळ सारखा आहे, म्हणून उत्तर सरळ पन्नास. माझ्या जवळजवळ सगळ्या वर्गाने अठ्ठेचाळीस लिहिलं. आणि वर एकच वाक्य, पेपरामागून पेपर, शब्दाला शब्द: "अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही." ब वर्गात निम्म्यांना आलं. बाकीच्यांनी रस्ते काढून, घड्याळं काढून सोडून दिलं, आणि दोघांनी उत्तराच्या जागी लिहिलं, "विचारोबा फार छळतो."

सर म्हणाले, "तुमच्या मुलांचं अक्षर वेगळं नसतं तर मला कॉपीची चौकशी लावावी लागली असती." मी म्हटलं, असला फसवा प्रश्न घालायचाच कशाला. ते म्हणाले, "फसवा कुठे? सोपा होता."

संध्याकाळी पोर्चमधून निघाले तर व्हरांड्याच्या टोकाला कुरळीच्या शेजारी पायरीवर कोणीतरी बसलेलं. खिडकी. माझ्या वर्गाची, माझी खिडकी. मांडीवर तोच पेपर. दोघी बोलत नव्हत्या. पोरगी पेन्सिल चावत होती आणि कुरळी समोर झाडाकडे बघत होती. मी खांबाआड बराच वेळ उभी राहिले. इतका वेळ मी कोणाशेजारी गप्प बसू शकले असते का, असा काहीतरी विचार आला. मग वाटलं, बसायचं कशाला, दोन मिनिटांचं तर गणित.

घरी आल्यावर ह्यांच्यावर ओरडले. ह्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

१८ डिसेंबर

बैठक झाली. सगळं जसं झालं तसं लिहिते, कारण उद्या मी ते माझ्या सोयीने लिहीन.

मोठ्या बाई, जुने सर, कुरळी आणि मी. मी गुण मांडले. शिस्त मांडली. शेवटच्या गणिताबद्दल कोणी विचारायच्या आत मीच विषय बदलला. मोठ्या बाई माझ्या बाजूने झुकल्या होत्या, हे मला त्यांच्या पेनावरून दिसत होतं. त्या लिहीत होत्या.

मग कुरळी उठली. म्हणाली, "माझ्याकडे गुण नाहीत. विचारोबाने दोन मुलांना रडवलंसुद्धा, ते मी लपवणार नाही. फक्त एका मुलाचं बोलणं वाचून दाखवते. नाव कोणी विचारू नका." आणि तिने वाचलं. "त्या सांगतील. भराभर, छान सांगतील. मग मला समजलं असं म्हणावं लागेल."

जुन्या सरांनी चष्मा काढला. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मला दिसलं की खुर्ची गेली, आणि गेली ती माझ्याच वाक्याने. मी रचलेल्या, खोट्या मुलाच्या खोट्या रडगाण्याने ही बाई विभागप्रमुख होणार! इतकी आग आतमध्ये कधी उठली नव्हती. मी ताडकन उभी राहिले.

"हे मूलच नाहीये! एकेचाळीस नंबर मी आहे. परीक्षा घ्यायला मी लिहिलं होतं. सगळं खोटं आहे ते."

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खोटं? बरं. मग ती भराभर सांगणारी बाई कोण?"

मी तोंड उघडलं. मला सगळं बोलता येतं, कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे चार ओळी असतात. पण खिडकीचे बूट माझ्या डोळ्यांसमोर आले. तिचं "समजलं, बाई". रोज तेच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसलंच गणित.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मनाने रचलेली."

"हो, रचलेलीच असणार," कुरळी चटकन म्हणाली. "माझं चुकलं. मी नीट चौकशी न करता वाचलं. ते बाजूला ठेवा, बाई. गुण अ वर्गाचेच जास्त आहेत."

तिला ठाऊक होतं. कपभर चहा घेऊन आली तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. तिने मला तो दरवाजा उघडून दिला होता, आणि मी व्याख्यानाच्या कौतुकात बसले होते! आणि आत्ता ती मला वाचवत होती. यापेक्षा तिने मला चारचौघांत टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिच्या चांगुलपणावर जळण्यापेक्षा वाईट जळणं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, बाजूला ठेवता येणार नाही. पुढच्या वर्षी विचारोबा. विभाग कुरळीकडे. जुने सर माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

जिन्यात ती मागून आली. मी पाय उचलले, पण ती धापा टाकत आलीच. म्हणाली, "ताई, एक सांगू? मी विचारोबा का घेतला माहितेय? मला तुमच्यासारखं सांगता येत नाही. तुमच्या वर्गाबाहेर उभी राहून किती वेळा ऐकलंय मी. चार ओळींत असं काही करता ना तुम्ही की वाटतं, आपण हे जन्मात करू शकणार नाही. मग म्हटलं, निदान गप्प तरी बसावं."

म्हणजे ती माझ्यावर जळत होती! चार वर्षं! हे ऐकून जे बरं वाटलं ते डॉक्टरांच्या गोळीने कधी वाटलं नाही. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. मग चपला काढताना एकदम रडू आलं, आणि हे कोडं टाकून बाहेर आले. "काय झालं?" म्हणाले. मला सांगता येईना. ते शेजारी बसले. नुसते बसले.

२० डिसेंबर

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. माझा दुसरा तास रिकामा होता. कुरळीला म्हटलं, तुझ्या वर्गात मागे बसू का? तिचा चेहरा असा झाला की जणू तपासणीसच आले. म्हणाली, "बसा ना, ताई, पण मला भीती वाटेल." मी म्हटलं, वाटू दे.

शेवटच्या बाकावर एका बारक्या चणीच्या मुलीशेजारी जागा होती. फळ्यावर कुरळीने गणित लिहिलं. चौरसाची प्रत्येक बाजू दीडपट केली तर क्षेत्रफळ कितीपट होईल? आणि लिहून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सव्वादोनपट. मला लिहिता लिहिताच दिसलं. दीड गुणिले दीड. तोंडी. आणि वर्ग काय करत होता? एक म्हणाला दीडपट. एक म्हणाली तीनपट. तिसरा म्हणाला, "चौरस मोठा की लहान?" पुढच्या बाकावरचा गुणाकार सोडून भागाकार करत होता. माझे हात शिवशिवायला लागले. त्याच्या हातातलं पेन काढून घेऊन दोन रेघा मारल्या असत्या तर संपलं असतं. मी कुरळीकडे बघितलं. तिने पाठीमागे हात धरले होते, आणि बोटं नुसती एकमेकांत पिळत होती. तिलाही हे सोपं जात नाही तर! तिच्या जिभेवरही उत्तर आहे, आणि ती गिळते आहे. मला वाटायचं, ती आळशी आहे.

शेजारची मुलगी कागदावर चौरस काढून बसली होती. बरीच खाडाखोड करून झाली. मग तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या कोऱ्या कागदाकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्हालापण येत नाही?"

सव्वादोन माझ्या दातांच्या अगदी मागे होतं. एवढं जवळ की तोंड जरा जास्त उघडलं असतं तर चुकून निघालं असतं.

"नाही," मी म्हटलं.

तिने निःश्वास सोडला. दप्तर उचलून पलीकडे ठेवलं आणि बाकावर माझ्याकडे सरकली. "मग असं करू," ती म्हणाली, "तुम्ही चौरस धरा, मी मोजते."

मी चौरस धरला.